काठावरचं चिन्ह

बाई, ती मुलगीच होती. तुम्ही लिहिलं होतं ते बरोबर होतं आणि मी लिहिलं होतं ते चूक. खरं म्हणजे सांगायचं एवढंच आहे. पण एवढं लिहून पेन खाली ठेवावं म्हटलं तर ठेववत नाही, कारण त्या दिवशी त्या खोलीत जे झालं त्याबद्दल आपण दोघी नंतर फार थोडं बोललो, आणि मग तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात चँडलरहून फोन आला. आपल्या वर्गातला तो, शिकागोचा, ज्याची आजी घरात अजून अरामी बोलायची, त्याचा. पदवी मिळाल्यावर त्याने हे क्षेत्र सोडलं आणि तो तिकडे चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत गेला. सिलिकॉनच्या चकत्यांवरचे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे शोधायचे आणि मोजायचे, हे त्याचं काम. सुट्टीत इकडे आला होता तेव्हा एक लहानसं यंत्र घेऊन आला आणि विद्यापीठाच्या संग्रहातल्या हजारो वर्षांपूर्वी लिहिलेल्या आपल्या मातीच्या विटा त्याने एकेक करून मोजून घेतल्या. संग्रहाची देखभाल आता माझ्याकडे आहे, त्यामुळे परवानगी मीच दिली होती. फोन आला तेव्हा मी ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंग लॉटमध्ये डिकी उघडून उभी होते. त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “बसली आहेस का कुठे?” मी म्हटलं, नाही, बोल. “तो ओरखडा नाहीये,” तो म्हणाला. मी उगाच विचारलं, कुठला? मला कळलं होतं कुठला. “काठावरचा. तिथे लिपीतले तीन खिळे आहेत. घासून गेलेत, पण तिघांचा उतार एकाच बाजूला आहे आणि तळाला कोपरा आहे. ओरखड्याला कोपरा नसतो. यार, हे मी रोज बघतो. ती लिहिलेली खूण आहे.” ‘यार’ हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला होता. मी डिकी बंद केली. आतलं दही उन्हात तसंच राहिलं आणि मी गाडीत बसून राहिले.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात तेव्हा मी या देशात, कॅरी गावात, नवीन होते. पुण्याची संस्कृतची एम. ए. आणि नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला व्हिसा, ज्यावर नोकरी करायला मनाई. सकाळी नवरा गाडी घेऊन ऑफिसला गेला की दिवसभर मी आणि खिडकीबाहेरची पाइनची झाडं. ओळखीच्या एका काकूंकडे गौरीच्या जेवणाला गेले होते, तिथे तुम्ही होतात. काकू म्हणाल्या, या प्रोफेसर आहेत, जगातली जुनी-जुनी लिपी वाचतात. तुम्ही माझ्याकडे पाहून विचारलंत, “तू काय करून राहिलीस इथं?” मी म्हटलं, काही नाही. “काही नाही कसं करतात गं? मला तर नाही जमलं बाप्पा कधी.” सगळ्या हसल्या. मला इतका राग आला की वरणभात घशाखाली उतरेना. निघताना दारात चपला शोधता शोधता तुम्ही माझ्याजवळ आलात आणि हळू आवाजात म्हणालात, “मंगळवारी घरी ये. संस्कृत शिकलीस म्हणजे व्याकरणाला भिणार नाहीस. नोकरीला मनाई आहे, शिकायला नाही.”

मंगळवारी मी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात कणीक मळत होतात. मला वाटलं, आधी जेवण आणि मग पुस्तकं. तुम्ही कणकेचा एक गोळा माझ्या तळहातावर ठेवलात, थापून चपटा करायला सांगितलंत आणि ओट्यावरून एक तिरकी छाटलेली बांबूची काडी उचलून दिलीत. “हा त्या विटा लिहिणाऱ्यांचा बोरू. ओढायचा नाही, टेकवायचा. कोपरा टेकव आणि उचल.” मी टेकवला. कणकेत एक त्रिकोणी डोकं आणि मागे निमुळती शेपटी उमटली. खिळा. तुम्ही म्हणालात, “झालं. यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. राजे, देव, बायकांची भांडणं, सगळं याच्यातच.” त्या दिवशी मी ‘घर’ हे चिन्ह लिहिलं. घराला त्या लोकांच्या अक्कडी भाषेत ‘बीतु’ म्हणतात, हे तुम्ही तवा तापेपर्यंत सांगितलंत, आणि मग माझं ‘घर’ हातात घेऊन, लाटून, तव्यावर टाकलंत.

पोळ्या करता करताच तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. कड्यावर कोरलेला तीन भाषांतला लेख शिड्या लावून, दोरांना लटकून उतरवणारा तो लष्करातला तरुण अधिकारी. आयर्लंडच्या खेड्यात चर्चची कामं सांभाळून चिन्हांशी झुंजणारा तो तुसडा पाद्री. आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं हे. तुम्ही ते असं सांगत होतात की जणू दोघंही तुमच्या नात्यातले होते. लोक त्यांना हसायचे. म्हणायचे, हे वाचत नाहीत, हे मनाचं रचतात; एकाच चिन्हाचे चार उच्चार असतात का कधी? मग नवीनच सापडलेला एकच लेख त्या दोघांसह चौघांना स्वतंत्रपणे देण्यात आला. चौघांनी एकमेकांशी न बोलता अर्थ लावून पाकिटं बंद करून दिली आणि ती पाकिटं पंचांसमोर एकदम उघडली. मी लाटणं थांबवून विचारलं, “सगळं जुळलं?” “सगळं कसं जुळेल? पुष्कळ जुळलं. त्या दिवसापासून ही भाषा वाचता येते असं जगाने मानलं.” तुम्ही पोळी उलटलीत. “एकाला दिसलं ते दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे. तेव्हा त्याला वाचन म्हणायचं. नाही तर ते अंगात येणं.”

नंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत. मी रीतसर प्रवेश घेतला, तो शिकागोचा आला, आणि वर्गात आम्ही दोघंच. तुम्ही एकच वीट आम्हाला पाळीपाळीने द्यायचात, वेगळ्या खोल्यांत बसवायचात आणि मग आमचे कागद शेजारी ठेवायचात. त्याला शब्द ऐकू यायचे. ‘बीतु’ म्हटलं की तो म्हणायचा, आजी अरामीत ‘बेता’ म्हणते. मला व्याकरण दिसायचं. एकदा मी एका पत्राचा अर्थ सांगताना ‘तो आला’ म्हटलं, तर तुम्ही मला तिथेच थांबवलंत. “तो काहून? ती का नाही?” मी क्रियापदाकडे बोट दाखवलं. “त्यांच्या क्रियापदात तो आणि ती सारखेच. मराठीत ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, म्हणून तू ठरवून टाकलंस. त्यांचं सरकतं. तुला माहीत नसेल तर लेकरू म्हण, माणूस म्हण, पण ठरवू नकोस.” मी खाली मान घालून खोडलं. तो हसत होता, तर तुम्ही त्याला इंग्रजीत म्हणालात, तुझ्या कागदावर तर पूर्ण ओळच नाहीये.

तुमच्या डोळ्यांचं आम्हाला कळायला हवं होतं, असं आता वाटतं. अंधार पडायच्या आत घरी जायची तुमची घाई. गाडी विकलीत आणि म्हणालात, चालणं चांगलं असतं. पोळी करपायला लागली. समोरच्याशी बोलताना तुम्ही त्याच्या कानाच्या बाजूला बघायला लागलात. आम्हाला वाटायचं, बाई विचारात आहेत. वीट हातात आली की आधी तुमचा अंगठा तिच्यावरून फिरायचा, सावकाश, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तसा, आणि हे लिहिताना मला कळतंय की मी तेव्हाही हीच उपमा मनात दिली होती आणि तरी मला काही समजलं नव्हतं.

मग ते नवीन डीन आले. भौतिकशास्त्राचे, हुशार, अजिबात वाईट नाहीत. दोन विद्यार्थ्यांचा विषय कशाला चालवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. पण बैठकीत त्यांनी दुसराच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “माझ्या प्रयोगशाळेत मी चुकलो तर यंत्र मला सांगतं. तुम्हाला कोण सांगतं? तुम्ही तिघंच वाचता, तिघंच बरोबर म्हणता. हे तुम्ही रचत नाही आहात, हे मला कसं कळावं?” मी रागाने लाल झाले. तुम्ही मात्र खुश झालात. तुमचा चेहरा मी पाहिला ना. इतक्या वर्षांनी कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. तुम्ही म्हणालात, “तुम्हीच एक वीट निवडा. आमच्यापैकी कोणीही न वाचलेली. तिघंही वेगवेगळी वाचू. तुम्हीच उघडा.”

शिकागोवाला बाहेर आल्यावर पांढराफटक झाला होता. “बाईंनी हे काय केलं? आपण दोघं वेगळं वाचलं तर संपलं सगळं.” तोही तुम्हाला ‘बाई’च म्हणायचा, त्याला ते तुमचं नाव वाटत होतं, हे मी त्याला फार उशिरा सांगितलं.

डीननी संग्रहाच्या खणातून एक वीट काढली, तळहाताएवढी, एक काठ झिजलेला. सकाळी आधी ती त्याला मिळाली, मग मला, शेवटी तुम्हाला. मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत टेबलाच्या दिव्याखाली ती फिरवत होते. पहिली ओळ ओळखीची निघाली आणि मी सुसाट सुटले. एका बाईने दुसऱ्या गावातल्या भावाला लिहिलेलं पत्र होतं ते. मी माझं लेकरू तुझ्या घरी ठेवून आले, तू त्याची काही खबर देत नाहीस, अंगाला लावायला तेल दिलंस की नाही, लोकर दिलीस की नाही, आता येत्या नावेने माझ्याकडे पाठवून दे, नाही पाठवलंस तर मी तुझ्या दारात येऊन उभी राहीन. लेकरू हा शब्द माझा आत्ताचा. मातीवर ‘मुलगा’ हे चिन्ह स्वच्छ होतं. ओळ तिथे काठाशी संपत होती आणि चिन्हाच्या पुढे, झिजलेल्या भागात, एक ओरखडा होता. तुम्हाला सांगायला नको, ‘मुलगा’ या चिन्हापुढे ‘स्त्री’ हे छोटं चिन्ह जोडलं की मुलगी होते. म्हणून मी तिथे थांबले. दिवा डावीकडून धरला, उजवीकडून धरला, खालून धरला. प्रत्येक वेळी ओरखडाच दिसला. मी ‘मुलगा’ लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

दुपारी त्या लांब टेबलाच्या खोलीत डीननी तिन्ही पाकिटं उघडली. माझा कागद टाइप केलेला, त्याचा पेन्सिलने लिहिलेला. मग तुमचा कागद बाहेर आला. जाड काळ्या मार्करने, बोटाएवढ्या अक्षरांत, ओळी उताराला लागलेल्या. एका कागदावर मावलं नव्हतं म्हणून तुम्ही बरेच कागद वापरले होते. डीननी ते पाहिलं आणि एकदा तुमच्याकडे पाहिलं. ते ओळीओळीने वाचायला लागले. ‘भावाला सांग’ ही त्या पत्रांची ठरलेली सुरुवात. देव तुला सुखी ठेवोत. तेल. लोकर. येती नाव. तिघांचं जुळत होतं. डीनचा आवाज बदलत चालला होता, ते पेन्सिलने खुणा करत होते आणि एका ठिकाणी स्वतःशीच हसलेसुद्धा. दारात येऊन उभं राहण्याच्या ओळीला ते म्हणाले, “माझी बहीण अशीच आहे.” शिकागोवाल्याने टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावला.

आणि मग ते थांबले. “इथे नाही जुळत. एक म्हणतं मुलगा. एक म्हणतं मुलगी. एकाने जागा सोडली आहे.”

शिकागोवाला म्हणाला, “मला तिथे काहीतरी दिसलं, पण काय ते सांगता येईना, म्हणून मी सोडलं.” डीननी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. बाई, त्या क्षणी मी काय विचार केला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. ‘मुलगीही असू शकेल’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही झालं नसतं. पण तुम्ही माझ्या कानाच्या बाजूला बघत होतात, आणि मराठीत, सगळ्यांसमोर, म्हणालात, “तुला काय दिसलं ते सांग.” “ओरखडा,” मी म्हटलं. “नक्की?” “हो.” “सगळीकडून पाहिलंस?” “हो बाई.”

तुम्ही वीट मागितलीत. खिडकीकडे नेली नाहीत, दिव्याखाली धरली नाहीत. मांडीवर ठेवून अंगठा त्या काठावरून फिरवलात. एकदा, मग उलटा. किती वेळ गेला कोण जाणे. डीननी घड्याळ पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मग तुम्ही वीट हळूच टेबलावर ठेवलीत आणि इंग्रजीत म्हणालात, “माझं वाचन मी मागे घेते. माझ्या डोळ्यांच्या मधोमध आता डाग आहे. तिथे काय आहे ते मी या खोलीत कोणालाही दाखवू शकत नाही. हिचं वाचन धरा.”

डीन उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नसावं. थँक यू म्हणाले, कागद गोळा केले आणि गेले. निर्णय नंतर कळला: आम्ही दोघांनी पदवी पुरी करावी, नवीन कोणाला घेऊ नये, आणि तुम्ही त्या सत्राअखेर निवृत्त व्हावं. आम्हाला रचणारे म्हणून त्यांनी हाकललं नाही एवढं खरं. निर्णयाच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की वाचनाबद्दल त्यांची शंका राहिलेली नाही. विषय मात्र बंदच झाला.

त्या दुपारी तुम्हाला घरी मी सोडलं. हायवेच्या दोन्ही बाजूंना खणलेली तांबडी माती आणि वर पाइन. तुम्ही सीटबेल्टचा चाप शोधत होतात, मी हात धरून लावून दिला, तेव्हा तुम्ही हात झटकला नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली. शेवटी विचारलं, “बाई, तुम्ही मुलगी कुठून आणली?”

“आणली नाही. लागली अंगठ्याला.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं तर. कागदावर लिहिलंच होतं ना.”

“त्यांच्यासमोर मागे का घेतलंत मग? तुम्हाला लागलं होतं तर!”

“ओरडू नकोस, गाडी चालव,” तुम्ही म्हणालात. मग थोड्या वेळाने, “माझ्या अंगठ्याला काय लागतं ते मी त्याला कसं दाखवू? त्याने विचारलं होतं, तुम्ही चुकलात तर कोण सांगतं. तू सांगितलंस. त्याला उत्तर मिळालं. आता मी ‘मला वाटतं’ म्हणत बसले असते तर तो बरोबर ठरला असता.”

“पण तुम्ही बरोबर असाल तर?”

“असेन. वळण आलं, सिग्नल दे.”

प्रबंधात मी ते पत्र छापलं तेव्हा तळटीप घातली होती, की माझ्या गुरूंच्या मते इथे मुलगी वाचता येईल. मसुदा तुम्हाला वाचून दाखवायला आले. तुम्ही ओट्याला टेकून उभ्या, हातात भाजीची पिशवी. ती तळटीप आली आणि तुम्ही पिशवी ओट्यावर आपटलीत. “काढ ती. मला तळटिपेत खिरापत वाटतेस?” मी म्हटलं, हा उपकार नाही, ही नोंद आहे. “काहीच नाही ही. तुला दिसत नाही, तर तू लिहायचं नाही. माझ्यासाठी लिहायचं तर मुळीच नाही. मी मेल्यावर मला बरोबर ठरवत बसायचं तर पुरावा आण, नाही तर गप्प बस.” मी तळटीप काढली. डोळ्यांतलं पाणी तुम्हाला दिसत नाही, हे मला त्या दिवशी बरं वाटलं. नंतर तुम्ही दोडक्याची भाजी केलीत आणि आपण जेवलो आणि ते पत्र परत कधी निघालं नाही.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. त्याच पत्रावर माझा पहिला निबंध निघाला. दूर गावी असलेली आई, मामाच्या घरी मुलगा. मुलग्यावर आईचा हक्क किती, याचा तो पुरावा म्हणून मी मांडला आणि तो चालला. पुस्तकांत त्याचा उल्लेख होतो, आमच्या लहानशा जगात मला लोक त्याच्यामुळे ओळखतात. तुम्ही फोनवर तो ऐकलात आणि म्हणालात, “मांडणी घट्ट आहे.” तुमच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

चँडलरच्या फोननंतर त्याने मला चित्रं पाठवली. स्क्रीनवर खोली रंगांनी दाखवलेली, सपाट भाग पिवळा, खोल भाग निळा. ‘मुलगा’ निळा, आणि त्याच्यापुढे काठावर, जिथे मी ओरखडा पाहिला होता, तिथे तीन फिकट निळे कोपरे. माझ्या मुलीने मागून खांद्यावरून पाहिलं. ती इथेच जन्मली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सो शी वॉज राइट अँड यू वन.” आणि मग मला मिठी मारून, “दॅट्स हॉरिबल, आई.” मी तिला म्हटलं, जिंकायला कोणी बसलं नव्हतं. पण तिचं वाक्य दोन दिवस कानातून गेलं नाही.

वार्षिक परिषदेसाठी माझं भाषण आधीच ठरलेलं होतं, वेगळ्या विषयावर. ते बदललं. आदल्या संध्याकाळी आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला हॉटेलच्या लॉबीत बाजूला घेतलं. त्यांना कुणकुण लागली होती. “एक छोटी दुरुस्ती छाप आणि मोकळी हो,” त्या म्हणाल्या. “उभं राहून सांगायचं कशाला? तुझा निबंध लोक वीस ठिकाणी वापरतात, सगळ्यांची पंचाईत होईल. ज्यांचं वाचन होतं त्या तर आता नाहीत.” त्या माझ्या भल्यासाठीच बोलत होत्या, आणि खरं सांगते, मला ते पटायला लागलं होतं. शिकागोवाला चँडलरहून स्वतःच्या रजेवर आला होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू नाही बोललीस तर मी उठून बोलीन. त्या दिवशी मी जागा सोडली होती. यावेळी सोडणार नाही.”

सकाळी मी उभी राहिले. पहिलंच चित्र लावलं त्या काठाचं, आणि पहिलं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं. मग सांगितलं. पत्र, खोली, तीन पाकिटं, तुमचा अंगठा, सगळं. माझा निबंध कुठे कोसळतो ते ओळीने दाखवलं. आणि मग ते पत्र नव्याने वाचलं: परगावी असलेली बाई भावाला बजावते आहे की माझ्या मुलीला येत्या नावेने पाठव, नाही तर मी तुझ्या दारात येऊन उभी राहीन. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका तरुणाने जरा आव्हान दिल्यासारखंच विचारलं, “यंत्राशिवाय हे वाचणं शक्यच नव्हतं, तर त्यांनी केलं ते अंदाजच म्हणायचं ना?” मी तोंड उघडायच्या आत शिकागोवाला उठला. “अंदाज करणारा माणूस ते मागे घेत नाही,” तो म्हणाला आणि खाली बसला. ज्येष्ठ बाई पहिल्या रांगेत होत्या. भाषण संपल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी जेवणाच्या रांगेत येऊन म्हणाल्या, नवं वाचन छापशील तेव्हा नाव कोणाचं देणार? मी म्हटलं, त्यांचं. पहिलं नाव त्यांचं.

तुम्हाला हे आवडलं असतं की नाही मला माहीत नाही. पुरावा आणलाय एवढं म्हणू शकते. निबंध मी मागे घेतला आहे. काही जण नाराज आहेत, एकाने मेलमध्ये कडवट लिहिलं. झोप मात्र लागते.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक शेवटचं सांगून टाकते. परिषदेहून परतल्यावर मी शिकवते त्या इतिहासाच्या वर्गातल्या मुलांना ती वीट दाखवायला काढली. खिडकीतून छान तिरकं ऊन येत होतं. आता मला ठाऊक होतं की तिथे तीन खिळे आहेत, कुठे आहेत, कुठल्या बाजूला उतरतात, सगळं. मी ती उन्हात धरली. बाई, मला ओरखडाच दिसला. मग डोळे मिटले आणि अंगठा काठावरून फिरवला, एकदा, मग उलटा, तुम्ही फिरवला होतात तसा. मुलं गोळा होऊन बघत होती. एका मुलीने विचारलं, “कॅन यू फील इट?” अंगठ्याला नुसती माती लागली, गुळगुळीत, थोडी गार. मी डोळे उघडले आणि हो म्हटलं.